फोर्तुनातोला बसमध्ये दम लागला

आमच्या वर्गात योसेलिन चोकेइतकं पाठांतर कुणाचंच नव्हतं. अत्यवस्थ रुग्ण आला की आधी श्वासाचा मार्ग मोकळा आहे का ते बघायचं, मग श्वास, मग नाडी आणि रक्तदाब, मग शुद्ध, आणि शेवटी कपडे सैल करून सगळं अंग तपासायचं, हे ती झोपेतसुद्धा सांगू शकली असती. अडचण एवढीच की आम्हाला शिकवणाऱ्या आणि परीक्षा घेणाऱ्या उर्किदी मॅडम समोर आल्या की तिचे हातपाय गोठायचे.

सरावासाठी कॉलेजात फोर्तुनातो नावाचा रबरी बाहुला होता. त्याची छाती वरखाली व्हायची, मनगटाला आणि मानेला नाडी लागायची, प्राणवायू कमी पडला की ओठ निळे व्हायचे आणि पोटातल्या स्पीकरमधून तो दोन-चार वाक्यं बोलायचा. योसेलिनच्या हातून तो तीनदा गेला. तिसऱ्यांदा तिने त्याची रीतसर माफी मागितली. त्यावर मॅडम म्हणाल्या की माफी नातेवाइकांची मागायची असते, आणि तीही काही प्रयत्न केल्यावर.

परीक्षा कोचाबांबा शहराबाहेरच्या एका इस्पितळात होती. त्या दिवशी संपवाल्यांनी पूल अडवला आणि कॉलेजची गाडी पलीकडे अडकली. मॅडमनी मला आणि योसेलिनला फोन करून बाहुला बसने आणायला सांगितलं. त्याची पेटी बसच्या दारातून आत जाईना, म्हणून ती टपावर चढवली. फोर्तुनातोला माझा पोंचो पांघरला, चेहऱ्याला ओरखडे नकोत म्हणून टोपी खाली ओढून घातली आणि खिडकीशी बसवलं.

शेजारची जागा इलारिया नावाच्या एका बाईंनी पटकावली. बाजारात चीज विकणारी बाई, दोन लांब वेण्या, घेरदार परकर, मांडीवर कणसांचं गाठोडं. त्यांनी फोर्तुनातोला जरा सरकायला सांगितलं. तो सरकला नाही, तेव्हा शिष्टच दिसतोय मेला, असं त्या पुटपुटल्या.

पहिल्याच गतिरोधकावर बस उडाली, फोर्तुनातोचं कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि तो खोल आवाजात म्हणाला, "मला दम लागलाय."

बाईंचा राग तिथल्या तिथे विरघळला. त्यांनी ड्रायव्हरला बस हळू घ्यायला सांगितलं, मागच्यांना खिडक्या उघडायला लावल्या. योसेलिनने अदबीने सांगितलं की मावशी, काळजी करू नका, हा माणूस नाहीये.

"का गं?" बाई म्हणाल्या. "फाटका पोंचो घातलाय म्हणून माणूस नाही होय?"

पोंचो फाटका नव्हता, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. मी खिशातून त्याचा रिमोट काढला आणि बंद करायचं म्हणून एक बटण दाबलं. फोर्तुनातोचे ओठ निळे झाले. दुसरं दाबलं तर त्याची छातीच थांबली. मग मी रिमोट परत खिशात ठेवला. आता त्याला वाचवणं हा एकच इलाज उरला होता. यंत्राचा कार्यक्रम एकदा सुरू झाला की त्याचा शेवट बाहुला जगण्यात किंवा मरण्यात व्हायचा, आणि तो मेला की यंत्र दिवसभर रुसून बसायचं. म्हणजे परीक्षा बुडाली.

बसमध्ये एकच कल्लोळ उठला. कुणी दम लागल्यावर चघळायची कोकाची पानं पुढे केली, कुणी देवाचं नाव घेतलं. इलारियाबाई योसेलिनकडे वळल्या.

"पांढरा कोट घालून बघत काय बसलीस, पोरी? ऊठ की!"

मॅडमनी हेच तिला सुसंस्कृत शब्दांत वर्षभर सांगितलं होतं. योसेलिन उठली. तिने फोर्तुनातोला जमिनीवर घ्यायला लावलं, मान मागे कलवली, श्वास बघितला, मानेची नाडी चाचपली. नाडी नव्हती. मला तिने छाती दाबायला बसवलं. परीक्षेच्या पिशवीतला मास्क स्वतः धरला आणि त्याला जोडलेला हवेचा फुगा बाईंच्या हातात देऊन, मी सांगेन तेव्हाच दाबायचा, अशी ताकीद दिली. मागच्या सीटवर एक जाडगेले गृहस्थ मांडीवर बँडचा ढोल घेऊन बसले होते. त्यांना तिने ठेका धरायला सांगितलं, म्हणजे मी हळू पडणार नाही. त्यांनी मिरवणुकीतला संथ मोरेनादा सुरू केला.

"मोरेनादा नको, काका," योसेलिन म्हणाली. "माणूस मरेल त्यात. तिंकू वाजवा."

तिंकूच्या जलद ठेक्यावर मी घामाघूम झालो. बाई मधेच गाठोड्यातली बाटली काढून छातीला दारू चोळू बघत होत्या, तर योसेलिनने त्यांच्या हाताला हलकी चापट मारली. बाईंनी मुकाट्याने हात मागे घेतला. ही तीच मुलगी, जी बाहुल्याला सॉरी म्हणाली होती.

थोड्या वेळाने फोर्तुनातोची छाती आपली आपण हलली. डोळे उघडले आणि तो म्हणाला, "माझ्या घरच्यांना कळवा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी मोबाइल काढून नंबर विचारला. मग मात्र योसेलिनने पोंचो वर करून सगळ्यांना त्याच्या कमरेतलं चार्जिंगचं भोक दाखवलं.

ढोलवाले काका म्हणाले की आपल्याला संशय होताच, याला घाम येत नव्हता. बाईंनी वाकून ते भोक नीट पाहिलं, फोर्तुनातोचा गाल दाबला आणि म्हणाल्या, "रबराचा तर रबराचा. आत्ताच तर उठलाय, त्याला असं एकटं सोडायचं नाही."

ड्रायव्हरने नेहमीचा रस्ता सोडून बस थेट इस्पितळाच्या दारात नेली. कुणी तक्रार केली नाही. इलारियाबाई आमच्याबरोबर परीक्षेच्या खोलीत शिरल्या आणि मॅडमनी विचारलं तेव्हा, मी यांच्याकडची, असं फोर्तुनातोकडे बोट दाखवून सांगितलं.

मॅडमना पाहताच योसेलिनचा हात पुन्हा हवेत थांबला. पण मागून बाईंनी दारूची बाटली उघडल्याचा आवाज आला, तशी ती वळूनही न बघता म्हणाली, "मावशी, झाकण लावा," आणि कामाला लागली. फोर्तुनातो दुसऱ्यांदा वाचला.

मॅडमनी तिला पास केलं, मात्र नातेवाइकांना आवरता आलं नाही म्हणून थोडे गुण कापले. बाईंनी त्यावर व्हरांड्यात इतका वाद घातला की मॅडमनी निम्मे परत दिले.

माझी पाळी आली तोवर फोर्तुनातोची बॅटरी संपली होती. मॅडमनी खाटेवर इलारियाबाईंनाच झोपवलं आणि मला तपासायला सांगितलं. बाईंनी मला एक शब्द बोलू दिला नाही, आणि मी आणलेला मास्क स्वतःच्या हाताने माझ्याच तोंडाला लावला. मी ऑक्टोबरात पुन्हा परीक्षेला बसलो.