रुद्रच्या लग्नाचा कोंबडा

दसरा झाला की आमच्या कोंबड्या संपावर जातात. अंडी बंद, पिसं चालू. पाचही जणी अंगावरचं पीसन्‌पीस टाकत सुटल्यात. एकीची मान उघडी, एकीचं बूड उघडं, आणि सगळ्या माझ्याकडे अशा बघतात, जशी काय मीच उपटली.

नाशिकजवळ आडगावात आमच्या घरामागं दोन रिक्षा उभ्या राहतील एवढी जागा. त्यात खुराडं, शेवग्याचं झाड आणि माझ्या बायकोची, सुलाची, दिवाळीची तयारी. तिनं भाजणीसाठी धुतलेली डाळ जुन्या साडीवर वाळत घातली की वारा सुटतो, आणि पिसं बरोबर तिथंच जाऊन बसतात.

"अहो, मी चकल्या करू का उशी भरू?" सुला ओरडते.

परवा मी गंमत म्हणून दुकानातलं अंडं आणून खुराड्यात ठेवलं. सुला काय खुश! तांबडीला गूळ-भाकर कुस्करून घातली, वर पाठीवरून हात फिरवला. तासाभरानं तिच्या डोक्यात उजेड पडला, की तांबडी काय एवढं पांढरंफेक अंडं देत नाही. त्या रात्री गूळ-भाकर बंद झाली. माझीसुद्धा.

सहावा आमचा कोंबडा. नाव साहेब. त्याच्या शेपटीत आता एकच पीस उरलंय, पण ताठा कलेक्टरचा. पहाटे चारला बोंब ठोकतो, शेजारीपाजारी मला शिव्या देतात. पण गेल्या आठवड्यात मुंगूस खुराड्यात शिरत होतं, तेव्हा ह्यानंच त्याला कुंपणापार पळवलं. छाती रक्तानं भरली, पण एकही बाई जाऊ दिली नाही. तेव्हापासून मी त्याला शिव्या जरा हळू आवाजात देतो.

अशात रविवारी मनमाडहून मेव्हणा आला. फकिरा. रेल्वेत आहे. घरात यायच्या आधी परसात गेला, साहेबाला उचलून हातावर झेललं.

"दाजी, दोन किलो भरंल! सुले, मसाला वाट गं."

आता बायकोच्या भावाला नाही कसं म्हणायचं? तोंडात आलं ते बोलून टाकलं.

"खाली ठेवा, खाली ठेवा! नवसाचा हाय तो."

"कुणाचा?"

"म्हसोबाचा."

"कशापायी बोलला?"

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण माझी जीभ काय माझं ऐकत नाही. "तुमच्या रुद्रच्या लग्नासाठी."

रुद्र म्हणजे त्याचा पोरगा. तिशी उलटली, पाच वर्षं पोरी बघणं चालू. कुणी म्हणतं पुण्यात फ्लॅट पाहिजे, कुणी म्हणतं शेती पाहिजे पण शेतात जाणार नाही. फकिराच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यानं साहेबाला खाली ठेवलं, त्याच्या पाया पडला आणि मला मिठी मारली. मग पिठलं-भाकरी खाऊन गेला. मी टॉवेलात तोंड घालून हसलो.

"कधी बोलले हो नवस?" सुलानं विचारलं.

"मनातल्या मनात."

झालं! साहेबाला हुसकायची सोय गेली. भाजणीवर बसला, सुला हात जोडते. माझ्या गाडीच्या सीटवर घाण केली, सुला म्हणते, "असू द्या, देवाचा हाय." मी नुसता हुश्श म्हणालो तर दोन दिवस बोलली नाही.

आणि त्यात रुद्रला स्थळ आलं. सायखेड्याची वैष्णवी. दोन्हीकडच्यांना नाशिक सोयीचं पडतं म्हणून बघायचा कार्यक्रम आमच्याच घरी. फकिराचा फोन आला, "दाजी, जमलं की लगेच म्हसोबाला. सुरी मी घिऊन येतो."

खरं सांगावं तर फकिरा रागानं साहेबाला कापणार आणि सुला मला. पोरीकडच्यांना काहीतरी सांगून स्थळ मोडावं, असंही एकदा मनात आलं. पण रुद्र आला तो नवा शर्ट घालून, इतका घाबरलेला, की कॉलर अर्धी आतच दुमडलेली. मग मीच त्याची कॉलर नीट केली.

पोरीचे वडील मंगळूअण्णा. पांढरी टोपी, पांढरा सदरा. बोलणी गोडीत चालली होती. पोह्यांवर खोबरं पडलं, आणि परसातून साहेब ऐटीत आत आला.

फकिराची छाती फुगली. "हा बघा, अण्णा! आपल्या लग्नाचा नवस. आज जमलं की उद्या म्हसोबाला कापायचा!"

अण्णांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. सदऱ्याच्या आतून तुळशीची माळ बाहेर काढली. "फकिराभाऊ, आम्ही माळकरी. आमच्या घरात कधी अंडं फुटलं नाय. माझ्या लेकीच्या लग्नाला जीव जाणार असंल, तर हे लग्न नको." आणि ते चपला शोधायला लागले.

रुद्र पांढरा पडला. मी दारात आडवा झालो.

"अण्णा, बसा हो! कापायचा कोण म्हणलं? नवस मी बोललोय का मेव्हणा? कापायचा नाय, सांभाळायचा नवस हाय. मरेपर्यंत. दाणापाणी, दुखणंखुपणं, समदं आमच्याकडं."

फकिराचा आ वासला तो मिटेना. सुलानं तोंडात पदर कोंबला. अण्णा माझ्याकडे बघत होते, आणि मी पहिल्यांदाच गंमत न करता खोटं बोलत होतो.

"ह्याची शेपटी कुठंय?" वैष्णवीनं विचारलं. बारीक नजरेची पोरगी.

"म्हसोबाला वाहिली," मी म्हटलं. "तेवढीच मागितली देवानं."

ती फसकन हसली. तिचं बघून रुद्रही हसला. अण्णा खाली बसले, पोह्यांची बशी परत मांडीवर घेतली आणि मला म्हणाले, "मल्हारीभाऊ, असा नवस मी कुठं ऐकला नव्हता. जपा त्याला."

सुपारी फुटली. लग्न तुळशीनंतर. अण्णांनी सायखेड्याहून बाजरीची गोणी पाठवली, माझ्यासाठी नव्हे. आणि फकिराच्या मनात भरलंय, की लग्नाआधी कोंबड्याला काही झालं तर स्थळ मोडणार. रोज उजाडायच्या आत त्याचा फोन.

"दाजी, खाल्लं का त्यानं?"

मी जेवलो का, असं ह्या माणसानं बावीस वर्षांत विचारलेलं नाही.

काल म्हणाला, "दाजी, गरमी लय हाय. रात्री पंखा तरी लावा त्याला."

मी वैतागून म्हटलं, "लावलाय. आत खाटेवर झोपवलाय. मी बाहेर खुराड्यात झोपतोय."

"हां," फकिराला हायसं वाटलं. "घराचं दार तेवढं नीट लावून घेत जा. मुंगसं फिरत्यात."