आभाळावाचून ओल

रोवीनाने पर्जन्यमापकाची नळी उजेडासमोर धरली. तळाशी धूळ होती, आणि धुळीवर कोळ्याचे शाबूत जाळे. तिने पुन्हा फोन पाहिला. शेतात पुरलेल्या काठीसारख्या ओलमापकाची वरच्या थराची रेघ गेल्या आठवड्यात मंगळवारी चढली होती, काल पुन्हा चढली. दोन्ही दिवस ऑस्ट्रेलियातल्या मॅलीच्या कोरड्या पट्ट्यात एक थेंब पडला नव्हता.

शुक्रवारी अँझॅक दिन होता, युद्धात पडलेल्या सैनिकांचा स्मृतिदिन. पहाटेच्या मानवंदनेहून परतले की पेरणीला लागायचे, हा तिच्या वडिलांनी, मर्व्हने, कधी न मोडलेला शिरस्ता. पण गेल्या साली कोरड्यात पेरलेला गहू एका सरीने वर आला आणि करपला. यंदा बियाणे एकाच पेरणीपुरते उरले होते. म्हणून ओलमापक खोलवर ओल दाखवेल तरच पेरायचे, असे दोघांनी ठरवले होते.

न्याहारीला ती म्हणाली,

"बाबा, रेघ चढलीय."

"मग बरंच की. पेरू."

"पाऊस नसताना?"

"तुझी काठी माझ्यापेक्षा शहाणी ना? तिलाच विचार."

टोस्टला लोणी लावताना त्याने मान वर केली नाही. दाराशी त्याचे बूट होते. त्यांना लाल चिखल लागलेला होता.

तो पिकअप घेऊन निघाला, तशी तीही थोडे अंतर ठेवून मागे गेली. मर्व्ह ओलमापकाशी उभा राहून सावकाश बादली ओतत होता. ती जवळ आली तरी त्याचा हात थांबला नाही.

"पेरायचंच होतं तर सरळ सांगायचंत. ही चोरी कशाला?"

"चोरी नाही. तपासणी."

"कसली?"

"महिनाभर नुसतं कोरडं, कोरडं. वाटलं, मेलाय हा तुझा मापक. नाहीतर तूच काहीतरी करून ठेवलंयस, मला घरी बसवायला."

रोवीनाला हसू आले नाही. त्यालाही नाही.

"आता काय म्हणतो?" त्याने विचारले.

तिने फोन पुढे केला. वरची रेघ उचलत होती. खालच्या थरांच्या साऱ्या सपाट होत्या; खोलवर अजून कोरडेच होते.

"म्हणजे बादलीभर पाणीसुद्धा कळतं त्याला," मर्व्ह म्हणाला. रिकामी बादली त्याने बराच वेळ हातातच धरून ठेवली. मापकाच्या बुडाशी, ओल्या वाळूत, गेल्या सालच्या सांडलेल्या दाण्यांना हिरवे कोंब फुटले होते. गाडीकडे वळताना दोघांनीही ते पायाखाली येऊ दिले नाहीत.

शुक्रवारी मानवंदनेहून परतल्यावर मर्व्हने कोट न उतरवताच ट्रॅक्टरपासून पेरणीयंत्र सोडवले. त्यावर ताडपत्री ओढताना रोवीनाने दुसरे टोक धरले.

रविवारी सकाळी फोनवर वरची रेघ पुन्हा चढलेली दिसली. रोवीना मागच्या दाराशी गेली. बादली जागेवर नव्हती. आभाळ निरभ्र होते. तिला मापकाच्या बुडाशी फुटलेले कोंब आठवले. तिने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि दोघांचा चहा टाकला.