सहावं गाणं

"आता पुन्हा चालू करू नका," दुरुस्तीवाला म्हणाला, तेव्हा बाईंचं बोट बटणावरच होतं. "ही टकटक ऐकताय ना? डिस्क गेली. सकाळपासून कितीदा चालू केलात?"

"चारदा."

त्यानं कॉम्प्युटरच्या पेटीचे स्क्रू काढायला घेतले.

घराच्या मागच्या खोलीत गेली एकोणीस वर्षं बाईंचं रेकॉर्डिंगचं काम चालत होतं. भिंतींना स्पंज, मध्ये काच, काचेपलीकडे माइक आणि पियानो. शाळांची गाणी, जाहिराती, लिफ्टमधल्या सूचना. 'दरवाजा बंद होत आहे' हा बाईंचाच आवाज. गावातल्या निम्म्या इमारतींत तो दिवसभर बोलायचा. पण आज त्यांचा जीव टांगणीला लागला होता तो वन्संच्या सहा गाण्यांसाठी.

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. सासूबाईंनी रचलेली अंगाईगीतं आता फक्त त्यांनाच येत होती. घशात गाठ निघाली, स्वरयंत्र काढावं लागेल असं ठरलं, तेव्हा त्या पहिल्यांदाच या खोलीत आल्या. "तुझ्या त्या मशिनीत काय उतरतं ते उतरव," म्हणाल्या. त्यांच्या लेकीला दिवस गेले होते. नातवंडाला आजीचा आवाज कळायला हवा होता.

शस्त्रक्रियेला दोन महिने झाले होते. आज चार वाजता वन्सं गाणी ऐकायला येणार होत्या. दहा वाजून गेले होते.

"कॉपी ठेवलीय ना कुठे?" दुरुस्तीवाल्यानं विचारलं.

"ठेवलीय. दोन ठेवल्यात." बाईंनी कपाटातून बाहेरची डिस्क काढली. "अख्ख्या कॉम्प्युटरची एक, मागच्या वर्षीची. आणि गाण्यांचं फोल्डर दर शुक्रवारी."

"वा. आणि ती परत उतरवून कधी बघितलीत?"

बाईंनी मान हलवली. नाही.

"सगळे असंच करतात," तो समजुतीनं म्हणाला आणि नवी डिस्क बसवली.

कॉपी नव्या डिस्कवर उतरवणं सुरू झालं. पडद्यावर एक निळी पट्टी आणि खाली आकडा. चार टक्के. नऊ. एकतीसवर आकडा अडकला, तो वीस मिनिटं हललाच नाही. बाई स्टुलावर बसून होत्या. चहा पुढ्यात निवला. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

"ताईला उद्या ये म्हणून सांगू का?"

"नको. दोन महिन्यांत त्यांनी ही एकच गोष्ट मागितलीय."

दीडच्या सुमाराला यंत्र उठलं. जुनाच पडदा, जुनीच चित्रं. बाईंनी शुक्रवारचं फोल्डर त्यात ओतलं आणि पहिलं गाणं उघडलं. 'आवाजाच्या फायली सापडत नाहीत', अशी पाटी आली.

"थांबा, घाबरू नका," दुरुस्तीवाला वाकला. "फायली आहेत. जागा बदललीय, म्हणून त्याला दिसत नाहीत. एकेकीचा पत्ता सांगू."

मग तो फाइलचं नाव वाचायचा आणि बाई ती कुठे आहे ते दाखवायच्या. पहिल्या गाण्यात वन्संचा आवाज आला. थोडा खरखरीत, भरदार. बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दुसरं आलं. तिसरं, चौथं, पाचवं. सहाव्यात पियानो वाजू लागला. बाईंनीच वाजवलेला. वन्संच्या आवाजाची पट्टी कोरी.

"हिचा पत्ता?" त्यानं विचारलं.

बाईंना सगळं आठवलं. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी वन्सं अचानक आल्या होत्या, हातात दवाखान्याची पिशवी. रिक्षा बाहेर थांबलेली. "राहिलेलं एक म्हणून टाकते." घाईत बाईंनी ते फोल्डरबाहेर, समोरच्या पडद्यावरच ठेवलं. मग नीट जागी लावू, म्हणून. आणि शुक्रवारची कॉपी फक्त फोल्डरची व्हायची; त्यात आधी वाजवलेला पियानो तेवढा होता.

"जुन्या डिस्कवरून नाही का निघणार?"

त्यानं ती डिस्क कानाशी धरून हळूच हलवली. "पाठवून बघू. पण आत काहीतरी खुळखुळतंय, बाई, चालू करताना खरवडलं गेलंय. मी खोटी आशा नाही लावणार."

चारदा चालू केली होती. चारदा.

नवरा साडेतीनला घरी आला. सगळं ऐकून तो दारातच थांबला. "ऐक माझं. पाचच वाजव. सहाव्याचं काम चालू आहे म्हण. नंतर बघू."

"नंतर काय बघायचं?" बाईंचा आवाज चढला. "त्या परत गाणार आहेत का?"

वन्सं वेळेवर आल्या. गळ्यातल्या श्वासाच्या छिद्रावर पातळ रुमाल, हातात पाटी आणि खडू. पाच गाणी त्यांनी डोळे मिटून ऐकली. पाचव्यानंतर पाटीवर लिहिलं, 'माझा आवाज इतका बरा होता?' आणि हसल्या. मग पंजा दाखवून आणखी एक बोट वर केलं.

नवरा खिडकीबाहेर बघू लागला.

"वन्सं, सहावं गेलं," बाई म्हणाल्या. "यंत्र बिघडलं म्हणून नाही. मी नीट ठेवलं नव्हतं. आणि बिघडल्यावरही मीच ते परत परत चालू केलं. माझ्या हातून गेलं ते."

वन्संनी पाटी खाली ठेवली. त्या रुमालाचं टोक बोटांनी दुमडत राहिल्या. ओरडायला आवाज नव्हता, आणि लिहायलाही त्यांनी खडू उचलला नाही. बाईंना वाटलं, काहीही लिहा, पण लिहा.

शेवटी त्यांनी खडू घेतला. 'काय उरलंय?'

"नुसता पियानो."

'लाव.'

बाईंनी लावला. सुरुवातीचे सूर झाले आणि वन्संचे खांदे वर उचलले गेले. जिथे पहिली ओळ यायची, नेमक्या त्याच ठिकाणी. ओठ हलू लागले. मधल्या पियानोला त्या थांबल्या, बोटानं गुडघ्यावर ठेका धरला, आणि दुसऱ्या कडव्याला पुन्हा दीर्घ श्वास. रुमाल आत ओढला जायचा, बाहेर यायचा. एकही जागा चुकली नाही.

पियानो संपला. वन्संचे ओठ उघडेच होते. शेवटचा सूर लांब होता. बाई हात मांडीवर ठेवून, तो पुरा होईपर्यंत थांबल्या.