खळीचा हौद

परदेशीपुऱ्यातल्या कापडगिरणीच्या मागे पडलेला सागवानी हौद बोलतोय मी. माझ्यात पूर्वी खळ शिजायची.

घरात बायका लुगड्याला पेजेची खळ देतात. जुने कोष्टी सुताला चिंचोक्याची द्यायचे. गिरणीत ते काम माझ्याकडे होतं. मैदा, पाणी आणि वाफ. माझ्यातून निघालेलं सूत मागावर ताठ राहायचं, तुटायचं नाही.

मध्यभारत राज्य नुकतंच झालं होतं. रेशन पुरत नव्हतं. खळ ढवळणारा कृष्णराव अबोल माणूस. घरी बायको सरला आणि दोन मुली. पाळी सुटली की तो मूठ-दोन मुठी मैदा धोतराच्या सोग्यात बांधून न्यायचा. बरेच जण न्यायचे.

खळीला बुरशी लागू नये म्हणून तिच्यात निळं मोरचूद टाकत. ते विषच. एकदा मॅनेजर खात्याच्या जॉबरला, म्हणजे मुकादम दिवाकरला म्हणाले, "मैदा चोरीला जातोय. मोरचूद आता सीधा मैद्याच्या पोत्यातच मिसळा. बघतो कोण खातो."

"साहेब, लोकांना सांगावं लागेल."

"सांगा की!"

दिवाकरनं सगळ्यांना सांगितलं. कृष्णराव तेवढा बहिणीकडे देवासला गेला होता.

तो परतला त्या दुपारी मी उकळत होतो. त्यानं मैदा बांधून घेतला, नेहमीपेक्षा जरा जास्तच. मला सगळं दिसत होतं. पण वाफेशिवाय मला आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. मग सरलाच खात्यात आली. कपाळ मोकळं होतं.

"बाजरीत मिसळला, रंग कळलाच नाही," ती म्हणाली. "ह्यांना आधी वाढलं. म्हणाले, कडू लागतंय, मुलींना देऊ नकोस. पण स्वतः टाकलं नाही."

दिवाकर खाली बसला. "वहिनी, त्याला सांगायचं राहून गेलं हो."

तिनं उघड्या पोत्यातून मूठभर मैदा घेतला आणि तिथेच उभ्या असलेल्या मॅनेजरांपुढे हात धरला. "साहेब, खाऊन दाखवा."

मॅनेजर दोन पावलं मागे सरले. ती मूठ मिटून, तशीच फाटकाबाहेर गेली.

त्या दिवशीचं कापडही करकरीत निघालं. बाजारात गेलं, खपलं.

आता नवं मशीन आलंय. मी इथे भिंतीशी उघडा पडलोय. पावसाचं पाणी साचतं, माझ्या लाकडातून मोरचूद त्यात उतरतं. वस्तीतल्या शेळ्या येतात. परवा एक मुलगी ओंजळ घेऊन वाकली होती. आईनं हाक मारली म्हणून गेली.

पाणी निळसर दिसतं. सुंदर दिसतं. कुणीतरी मला फोडून टाका.