पिवळी झाली का झाडं?

दाते ज्या खोलीत काम करत ती अर्धी जमिनीखाली होती. वर डॉक्टरीणबाईंचा दातांचा दवाखाना, आणि सात पायऱ्या उतरून खाली दात्यांची खोली. एक लांबट टेबल, त्यावर प्लास्टरचे साचे, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, स्पिरिटचा दिवा, आणि लहान लहान डब्यांत रंगाच्या छटेप्रमाणे लावून ठेवलेले दात. त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण तीस वर्षं कवळ्या बनवणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? आता तर पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं नाव वाचून क्षणभर बुचकळ्यात पडे.

खोलीला एकच खिडकी होती, तीही छताला चिकटलेली. बाहेरून ती रस्त्याच्या पातळीवर येई, त्यामुळे तिच्यातून माणसांचे फक्त पाय दिसत. ऋतू बदलल्याचं दात्यांना या पायांवरूनच कळे. आधी उघड्या चपला जाऊन बूट येत, मग बुटांच्या वर मोज्यांच्या कडा दिसू लागत, आणि मग एखाद्या सकाळी खिडकीच्या जाळीत एक वाळकं पान येऊन अडकलेलं असे. त्या संध्याकाळी दाते घरी जाऊन बायकोला एवढंच म्हणत, "रविवारी डबा भर."

बायकोला तेवढं पुरे होई. रविवारी दोघं नऊ नंबरच्या बसनं शेवटच्या थांब्यापर्यंत जात. तिथे एक तळं होतं आणि तळ्याच्या काठानं चौदा उंच झाडं एका ओळीत उभी होती. पानगळीच्या तोंडावर ती अशी पिवळीजर्द होत की पाण्यातही दुसरी चौदा पेटल्यासारखी दिसत. दोघं तळ्याला एक पूर्ण चक्कर मारत, मग नावेत बसत. बोलण्याचं काम बायकोचं. "अहो, बघा ना, ते बदक कसं पाठमोरं पोहतंय. अहो, बघा ना, ढग." दाते म्हणत, "बघतोय." चौतीस वर्षं त्यांचा संसार या वाटणीवर सुखानं चालला होता.

पण गेले चौदा महिने बायको घरात नव्हती. परदेशातल्या लेकीला मुलगी झाली, तेव्हा ती तीन महिन्यांसाठी म्हणून गेली. जावई बोटीवर नोकरीला, सहा सहा महिने बाहेर. लेकीची नोकरी सुरू झाली, मग पोरीला दात यायला लागले, मग ती रांगायला लागली, आणि तीन महिन्यांना शेपटासारखे आणखी महिने फुटत गेले. रोज संध्याकाळी सातला तिचा फोन येई. तिकडे तेव्हा दुपार असायची आणि बबडी, म्हणजे नात, झोपलेली असायची.

सुरुवातीला बायको विचारी, "आज कुठे गेला होतात?" आणि दाते खरं ते सांगत, "कुठे नाही." कामावरून घर, घरून काम. रविवारी घर आणि घर. एका रविवारी ती चिडली. "असे कोंडून घेऊन बसणार असाल तर मी सगळं सोडून तिकडे येतेच, बघा." तेवढ्यात मागून बबडीचं रडणं ऐकू आलं, आणि लेकीचा थकलेला आवाज, "आई, जरा बघतेस का गं?" लेकीच्या हाताशी असलेला आधार आपल्यामुळे निघून जावा, हे काही दात्यांना पटेना.

पुढच्या रविवारी ते म्हणाले, "आज बागेत जाऊन आलो."

ही पहिली थाप. ती इतकी चांगली बसली की बायको पाच मिनिटं त्या बागेबद्दल विचारत राहिली. मग दात्यांना थांबताच येईना. ज्या माणसाच्या तोंडून जन्मात सलग चार वाक्यं निघाली नव्हती, तो माणूस आता रविवारी दुपारी खुर्चीत बसून संध्याकाळी सांगायची सहल रचू लागला. मेणात एकेक दात बसवून, चावा जुळतोय का बघावं, तशी ते थाप तपासून घेत. बागेत कुणीतरी वाद्य वाजवत होतं. टेकडीवर पावसानं गाठलं, एका दुकानाच्या छपराखाली उभं राहावं लागलं. सकाळी फिरायला जाणारा एक कंपूसुद्धा त्यांनी जमवला. त्यात रेल्वेतला एक निवृत्त गार्ड होता आणि त्याला सारखी शिट्टी वाजवायची सवय होती.

"अगंबाई! तुम्ही आणि कंपू!" बायको हसून हसून बेजार होई. ते हसणं कानात ठेवून दाते रात्री झोपत.

असा सगळा उन्हाळा गेला. मग एका सकाळी खिडकीच्या जाळीत पान अडकलेलं दिसलं, आणि त्या रविवारी दात्यांनी बायकोला तळ्यावर नेऊन आणलं. खुर्चीतूनच.

"पिवळी झाली का झाडं?" तिनं विचारलं.

"झाली."

"चौदाच्या चौदा?"

"सगळी."

"आणि ते कोपऱ्यातलं? ते नेहमी उशीर करतं."

"यंदा तेसुद्धा."

मग ती म्हणाली, "मला एक पान पाठवा ना. फोटो नको, पान. पाकिटात घाला. बबडीच्या हातात द्यायचंय. इथे मेलं बारा महिने ऊन. पान पडतच नाही, आणि पडलं तरी हिरवंच पडतं."

आता आली का पंचाईत! दात्यांनी सोमवारी जाळीतलं पान काढून पाहिलं. चुरगळलेलं, टिचभर, चहाच्या पावडरीच्या रंगाचं. तळ्यावरचं पान तळहाताएवढं असे आणि त्याच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते असत. हे बघून बायको क्षणात ओळखेल. शेवटी पुढच्या रविवारी त्यांनी बूट चढवले आणि नऊ नंबरच्या बसमध्ये जाऊन बसले. किती महिन्यांनी माणसांचे चेहरे त्यांच्या पायांसकट बघायला मिळत होते! समोर एक बाई मांडीवर सफरचंदांची पिशवी घेऊन डुलक्या घेत होती. दात्यांना उगीचच बरं वाटलं.

शेवटच्या थांब्यावर उतरून ते वळण घेऊन तळ्याशी आले आणि जागच्या जागी थबकले.

झाडं हिरवी होती. चौदाच्या चौदा, हिरवीगार.

काठावर नाववाला दोरीच्या गाठी सोडवत बसला होता. त्यानं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "अरे, तुम्ही! लवकर आलात यंदा. उन्हाळा हलायचं नावच घेत नाही. अजून दोन-तीन आठवडे तरी लागतील." मग त्यानं दात्यांच्या मागे पाहिलं. "एकटेच? वहिनी बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे. नातीपाशी आहे."

"मग काय, नशीबवान!" नाववाला म्हणाला. कोण नशीबवान ते त्यानं सांगितलं नाही.

आलोच आहोत तर चक्कर मारून जाऊ, म्हणून दाते चालू लागले. उन्हात ऊब होती, पण झाडाच्या सावलीत पाय टाकला की थंडीचा एक पातळ पदर अंगावर येई. काठाचा चिखल ओला होता आणि त्याला गारव्याचा वास होता. दोन फांद्यांमध्ये कोळ्यानं जाळं विणलं होतं, त्यावर दवाचे थेंब ओळीनं बसले होते, आणि मधोमध तो पठ्ठ्या स्वतः, मालकासारखा.

"अगं, बघ ना," दाते म्हणाले.

मोठ्यानं म्हणाले. आणि मान वळवली.

मागे पायवाट होती. तिच्यावर कुणी नव्हतं. दाते तिथेच एका दगडावर बसले. आपण वर्षभर घराबाहेर का पडलो नाही, हे त्यांना इतके दिवस आळसाचं किंवा वयाचं वाटत होतं. आता कळलं. बाहेर पडलं की काहीतरी दिसणार, आणि दिसलं की ते कुणाला दाखवायचं हा प्रश्न येणार. घरात, भिंतीकडे बघत, तो प्रश्न येत नव्हता.

त्यांनी फोन लावला. सकाळचे अकरा वाजले होते; तिकडे नुकतं उजाडलं असेल.

"काय झालं? बरं आहे ना?" बायको घाबरून म्हणाली.

"बरं आहे. मी तळ्यावर आहे. झाडं हिरवी आहेत."

"हिरवी कशी? तुम्हीच तर म्हणालात..."

"मी गेलोच नव्हतो. बागेतही नाही. टेकडीवर नाही. कुठेच नाही."

"आणि तो गार्ड?"

"गार्ड नाहीये."

तिला हसू येईल असं दात्यांना कुठेतरी वाटलं होतं. ते आलं नाही. "मी रोज रात्री ते सगळं बबडीला सांगून निजवायचे," ती हळूच म्हणाली. "आजोबा इथे गेले, आजोबा तिथे गेले. परत आल्यावर कुठे कुठे जायचं ते मी मनात लावून ठेवलं होतं. सहा महिने मी काय तुमच्या थापांवर जगत होते?" आणि तिनं फोन ठेवला.

त्या दिवशी सातला फोन वाजला नाही. सोमवारी नाही. मंगळवारी दात्यांनी एका कवळीत वरची दाढ खाली बसवली आणि ते डॉक्टरीणबाईंनी बघितलं. "दाते, घरी जा," एवढंच त्या म्हणाल्या. दाते गेले नाहीत. घरी जाऊन फोनकडेच बघायचं होतं.

बुधवारी सातला फोन वाजला.

"जेवलात?" बायकोनं विचारलं.

"नाही अजून."

"मी तुमच्यावर फार चिडले होते. आता माझं ऐका. मध्ये बोलू नका." जणू ते कधी बोलत असत! "लेकीनं सहा महिन्यांपूर्वीच पाळणाघर बघून ठेवलं होतं. चांगलं होतं, जवळ होतं. मीच म्हटलं, नको, मी आहे ना. मला ही पोर सोडवेना. तुम्ही एकटे कुढत असता तर मी आले असते, देवाशपथ आले असते. पण तुमचा तो कंपू, त्या सहली... म्हटलं, हे रमलेत. तुम्ही रमलात म्हणून मला इथे राहता आलं."

लेकीचा आधार जाऊ नये म्हणून आपण थापा मारल्या, आणि त्याच थापांनी बायकोला तिथे बसवून ठेवलं. कुणावर रागवावं तेच दात्यांना कळेना.

"आणि ऐका. मी लेकीला म्हटलंही होतं, यांना इकडेच बोलावून घेऊ. ती म्हणाली, आई, बाबा तिकडे एवढे मजेत आहेत, कशाला त्यांना इथे फ्लॅटमध्ये कोंडायचं?"

"मला?" दाते म्हणाले. "मजेत?"

"तुम्हीच सांगत होतात!"

आता मात्र दोघांनाही हसू आलं. ते फार टिकलं नाही.

"रागावलात माझ्यावर?" तिनं विचारलं.

"नाही."

"खरं सांगा."

दात्यांनी विचार केला. "थोडा."

"बरं केलंत, सांगितलंत. मीही अजून थोडी आहे." मग ती म्हणाली, "या ना इकडे. पोरगी ओळखते तुमचा आवाज."

गुरुवारी दाते पायऱ्या चढून वर गेले. डॉक्टरीणबाईंनी रजेचं ऐकलं, चष्मा काढला, पुसला. हातातल्या तीन कवळ्या पुऱ्या करा आणि खुशाल दोन महिने जा, त्या म्हणाल्या. तोवर लोक मऊ मऊ खातील. विमानाचं तिकीट पाच आठवड्यांनंतरचं मिळालं.

त्या पाच आठवड्यांत दाते दर रविवारी तळ्यावर गेले, आणि जे दिसलं तेच फोनवर सांगितलं. पहिल्या रविवारी सांगण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या रविवारी तिसऱ्या झाडाची वरची एक फांदी पिवळी झाली होती, बस. "एकच?" बायकोनं विचारलं. "एकच. अर्धी." तिसऱ्या रविवारी नऊ झाडं पेटली आणि त्यांनी पाच चांगली पानं वेचून, जाड पुठ्ठ्याच्या मध्ये दाबून पोस्टात टाकली. बबडीनं त्यातलं एक आल्या आल्या तोंडात घातलं, असं नंतर कळलं. कोपऱ्यातलं झाड चौथ्या रविवारीही हिरवंच होतं.

गंमत अशी की, ज्या गोष्टीसाठी चौदा महिने झुरले ती जवळ येत चालली, तसं तळं सोडवेना. दोन महिन्यांनी ते परत यायचे होते. बायको येणार का, हे तिनं सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. पोरीचं हसणं फोनवर ऐकलं की त्यांना वाटे, आपणही तिकडे गेल्यावर 'पोर सोडवेना' म्हणू की काय, कुणास ठाऊक.

शेवटच्या रविवारी वारा सुटला होता. पानं नुसती गळत नव्हती, झुंडीनं उडत होती; पाण्यावर त्यांचा जाड थर जमला होता आणि बदकं त्यातून वाट काढत होती. दात्यांनी दगडावर बसून फोन लावला.

"कसं आहे आज?" तिनं विचारलं.

ते सांगू लागले. वारा, पानं, बदकं. मग फोन कानापासून दूर धरून त्यांनी तिला वारा ऐकवला.

"तू हवी होतीस," दाते म्हणाले.

चौतीस वर्षांत त्यांनी असलं काही म्हटलं नव्हतं.

"मलाही तिथे असायचं होतं," बायको म्हणाली. "अहो, दिसतंय हो मला सगळं. डोळे मिटले की दिसतं. पण वास येत नाही." मागे बबडी उठली होती आणि काहीतरी आपटत होती. "ठेवते. शुक्रवारी मी विमानतळावर येते तिला घेऊन. स्वेटर नका आणू, उकडून मराल."

दाते उठले तेव्हा नाववाला नावा काठावर ओढून, उपड्या घालून ठेवत होता. शेवटची एक त्याला एकट्याला हलेना. दात्यांनी दुसरं टोक धरलं. लाकूड ओलं, थंडगार होतं. "हं, आता," नाववाला म्हणाला, आणि दोघांनी मिळून ती उलटी केली. तिच्या पोटातलं पाणी दात्यांच्या बुटात शिरलं. हात कोटाला पुसत ते थांब्याकडे निघाले. पाचच वाजले होते, पण वळणावरून आलेल्या बसनं दिवे लावलेले होते.