दोन सेकंदांसाठी

मित्रांनो, मी जुना आहे हे मला मान्य आहे. मंद आहे हे मात्र अजिबात मान्य नाही. कॅनडातल्या थंडर बे गावात आर्मास आणि हेल्वी नावाचं एक फिनिश वंशाचं म्हातारं जोडपं राहतं. त्यांच्या स्वयंपाकघरात खिडकीशी जे टेबल आहे, त्याच्याखाली उभा असलेला करड्या रंगाचा डेस्कटॉप संगणक तो मी. माझी गोष्ट मी रागानेच सांगणार आहे. गुमान सोसून पाहिलं, त्याचा काही उपयोग झाला नाही.

माझी उमेदीची वर्षं इथल्या कागदाच्या गिरणीत गेली. कामगारांच्या पाळ्या लावायच्या, ट्रकवाल्यांच्या चिठ्ठ्या छापायच्या. गिरणी बंद पडली तेव्हा आम्हा सगळ्या संगणकांना भंगाराच्या गाडीत फेकलं. आर्मास त्याच गिरणीत वायरमन होता. त्याने मला गाडीतून उतरवलं, काखोटीला मारलं आणि घरी आणलं. हे उपकार मी विसरलेलो नाही.

घरी आणून त्याने माझ्या पोटातली धूळ ब्रशने झाडली. माझ्यावर लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम चढवली, रॅम वाढवली, स्क्रीनवरच्या जड नक्षीदार सजावटीच्या जागी साधी हलकी बसवली. मी खरोखर पळायला लागलो. तेव्हाचा आर्मास शहाणा होता. कुठे दुखतंय ते आधी बघायचा, मग हात लावायचा.

घात केला तो कौतुकाने. इथल्या लायब्ररीच्या तळघरात दर मंगळवारी लिनक्सवाल्या म्हाताऱ्यांचं मंडळ भरतं. गुलाबी साखरेचे गोड पाव खायचे, कॉफी ढोसायची आणि एकमेकांना विचारायचं, तुझा संगणक किती सेकंदांत उठतो? बायकोची तब्येत कशी आहे, हे विचारायची तिथे पद्धत नाही.

"आर्मास, तुझा म्हातारा उठेपर्यंत माझी कॉफी पिऊन होते," डंकन म्हणाला. हा डंकन निवृत्त पोस्टमन, आर्मासचा जुना दोस्त आणि त्याहून जुना वैरी.

"थांब, एका मंगळवारी कप भरून बस," आर्मास म्हणाला. "ओठाला लागायच्या आत उठवून दाखवतो."

झालं, त्या दिवसापासून माझ्या नशिबी साडेसाती लागली. कुणीतरी कुणालातरी दिलेला सल्ला इंटरनेटवर वाचायचा आणि आज्ञा टाइप करायच्या काळ्या स्क्रीनवर जसाच्या तसा ठोकून द्यायचा, हा आर्मासचा उद्योग सुरू झाला. मी उठताना पाठीमागे जी जी कामं सुरू होतात, ती त्याने एकेक करून बंद केली. आधी छपाई गेली. हेल्वीला चर्चमधल्या बायकांसाठी वेलदोड्याच्या पावाची कृती छापायची होती.

"आर्मास, प्रिंटर मेला का?"

"मेला नाही, झोपवलाय. त्याच्यापायी एक सेकंद जात होता."

"आणि माझी अख्खी दुपार गेली ती? ती कुणाच्या सेकंदात धरायची?"

आर्मास स्टॉपवॉच पुसत बसला.

त्या हिवाळ्यात हेल्वीचा आवाज घोगरा झाला. थंडी बाधली असेल, सॉनाच्या वाफेत बसून घाम काढ, असं आर्मास म्हणाला. बर्फ वितळलं तरी घसा सुटला नाही. मग डॉक्टरांनी तपासलं, तर घशात गाठ. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. जीव वाचणार होता, पण आवाज जाणार होता.

त्यांची मुलगी कारिना विनिपेगला असते. तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं. बाळाला आजीचा आवाज मिळालाच पाहिजे, असं हेल्वीने ठरवलं. ऑपरेशनआधी रोज दुपारी ती माझ्यासमोर बसायची, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून डोक्यावरून गोधडी घ्यायची आणि मायक्रोफोनमध्ये कोल्ह्याच्या आणि अस्वलाच्या फिनिश गोष्टी सांगायची. तिच्या आईची अंगाईही तिने गायली, फाटक्या गळ्याने, मध्ये मध्ये खोकत. ते सगळं मी सांभाळत होतो. इतकं मोलाचं काम मला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं.

पण पहिल्याच दिवशी मी अडखळलो. माझी हार्ड डिस्क झिजली होती. एकच गोष्ट मला चारचारदा वाचावी लागायची, मग उशीर होणार नाही तर काय? आणि हे मी लपवत नव्हतो. डिस्कवर नजर ठेवणारा एक पहारेकरी माझ्यात असतो, तो रोज लिहून ठेवत होता की ही आता टिकणार नाही. आर्मासने ते एकदा तरी वाचावं की नाही?

"हा मध्येच थांबतोय रे," हेल्वी म्हणाली.

"थांब, सुसाट करून देतो."

आणि त्याने काय केलं, माहीत आहे? तो पहारेकरीच बंद केला. शिवाय मी उठल्यावर सगळ्याची नक्कल बाहेरच्या डिस्कवर जायची, तीही बंद केली. दोन्ही मिळून दोन सेकंद वाचले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. ते दोन सेकंद मिरवायला त्याने मला, आजारी डिस्कसकट, गाडीच्या मागच्या सीटवर आदळत आपटत मंडळात नेलं. मी जिवाच्या आकांताने उठलो. डंकनचा कप खरंच ओठापर्यंत पोचला नाही, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

खरं सांगायचं तर आर्मास घाबरला होता. बायकोच्या घशापुढे त्याचं काही चालत नव्हतं, म्हणून तो माझ्या मानगुटीवर बसला. हे मला कळतं. कळलं म्हणून राग जातो असं थोडंच आहे?

ऑपरेशन झालं. हेल्वी घरी आली ती गळ्यात पाटी अडकवूनच. तिकडे कारिनाला मुलगी झाली. हेल्वीने पाटीवर लिहिलं, 'गोष्टी पाठव.' आर्मासने बटण दाबलं. माझ्या पोटातून टक टक आवाज आला आणि मी काही उठलो नाही.

"काळजी करू नकोस. रोज नक्कल जाते," असं म्हणत त्याने बाहेरची डिस्क काढली. मग त्याचा चेहरा पडला. तिच्यात एकही गोष्ट नव्हती.

हेल्वीने लिहिलं, 'तू बंद केलंस?'

त्याने मान हलवली. तिने ओरडायला तोंड उघडलं, पण ऑपरेशनमध्ये गळ्याला पाडलेल्या भोकातून नुसती हवा आली. तेव्हा तिने सूप ढवळायचा लाकडी डाव उचलला आणि टेबलावर आपटला. पुन्हा आपटला, आपटतच राहिली. मित्रांनो, आवाज नसलेलं माणूस किती मोठ्याने रागावतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. आणि तिचं एकशे एक टक्के बरोबर होतं.

संध्याकाळी डंकन आला. या वेळी त्याने एकही टोमणा मारला नाही.

"डिस्क फ्रीझरमध्ये ठेवली तर चालते म्हणे," आर्मास पुटपुटला. "मी वाचलंय."

"फ्रीझरमध्ये मासे ठेव. आणि ते वाचणं बंद कर." डंकनने माझी डिस्क सोबत आणलेल्या स्वतःच्या संगणकाला जोडली आणि तिच्यातून कणाकणाने जे निघेल ते काढायचं काम लावून दिलं.

"किती वेळ लागेल?"

"लागेल तेवढा. घाई केलीस तर उरलंसुरलंही जाईल."

कित्येक दिवस ते काम चाललं. हेल्वी डाव मांडीवर घेऊन राखणीला बसली. आर्मासचा हात कीबोर्डकडे गेला की डाव बसायचा. करण्यासारखं काहीच न राहिल्यामुळे शेवटी तो तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. हे त्याने ऑपरेशनच्या आधी करायला हवं होतं.

गोष्टी निघाल्या, पण भोकं पडलेल्या. अस्वल बोलता बोलता गप्प होतं, कोल्हा अर्ध्यातच पळतो. अंगाई निघाली नाही. अख्खा असा एकच तुकडा मिळाला. तो रेकॉर्ड झाला त्या दुपारी आर्मास माझ्या मागे बसून वायरी चिवडत होता आणि हेल्वी रेकॉर्डिंग थांबवायला विसरली होती. डंकनने तो लावला आणि हेल्वीचा आवाज आला. "आर्मास, सोड रे तो संगणक. सूप गार होतंय. इथे कुणाला घाई आहे? मला तर नाही. ये, जवळ बस जरा."

आर्मास ढसाढसा रडला. हेल्वीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. डाव मात्र खाली ठेवला नाही.

आता माझ्यात नवी डिस्क आहे, आणि तिच्यात तो वाचलेला तुकडा. पहारेकरी जागा आहे, नक्कल रोज जाते, आणि मी उठायला हवा तेवढा वेळ घेतो. त्या अंगाईबद्दल मी आर्मासला माफ केलेलं नाही, करणारही नाही. मित्रांनो, तुमच्या घरात कुणी सावकाश झालं, कुणाचा आवाज घोगरा झाला, तर त्याला घाई करू नका. तुला काय होतंय, हे आधी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तिथेच बसा.

आर्मासची खोड अजून गेलेली नाही. परवा तो हळूच काळी स्क्रीन उघडून बसला होता. हेल्वी चुलीपासून आली आणि तिने माझं एक बटण दाबलं.

"आर्मास, सोड रे तो संगणक. सूप गार होतंय."

तो मुकाट्याने उठला आणि तिच्याजवळ जाऊन बसला.