पडद्यावरचा हात

ग्रामपंचायतीच्या सभागृहाच्या खिडक्यांना चादरी बांधून भर दुपारी अंधार केला होता. गावात महिनाभर राहून काढलेला सिनेमा आधी गावालाच दाखवीन, असं भूपेंद्र बोलला होता आणि बोलला तसा वागला. पवनीकडच्या त्या लहानशा गावातली अर्धी माणसं पडद्यावर होती, उरलेली अर्धी त्यांना नावं ठेवायला खाली बसली होती.

"अगे, माही गाय दिसली!" कुंताबाई ओरडली.

"तुह्यापेक्षा चांगली दिसते," मागून कोणीतरी म्हटलं.

वच्छलाबाई मात्र पुजाऱ्याकडे पाहत होती. गोष्ट एका पुजाऱ्याचीच होती. देवीवरचा त्याचा विश्वास आटत चाललेला, तरी लोकांसाठी दाणे मोजणं काही सुटत नाही. गावाची रीतच तशी: मातामाय देवीसमोर प्रश्न ठेवायचा, पुजाऱ्यानं चिमूटभर अख्खे तांदूळ पितळी ताटात टाकायचे आणि दोन-दोन करून बाजूला सारायचे. शेवटी जोडी उरली तर होय, एकटा दाणा उरला तर नाही. गावातली कितीतरी लग्नं अशीच जुळली होती, अशीच मोडली होती.

सिनेमात एक बाप विचारतो, 'पोरीला या घरी देऊ का?' घर वाईट आहे हे पुजाऱ्याला ठाऊक असतं. आता जोडी उरणार असं दिसताच त्याची करंगळी एक दाणा तळहाताच्या घडीत ओढून घेते. पोरगी वाचते, आणि पुजारी पुढं सिनेमाभर स्वतःलाच विचारत राहतो, की हे पाप झालं की पुण्य.

त्या वेळी पडद्यावर नुसता हात होता. भला मोठा. करंगळी वाकडी.

"हा तर यादोरावचा हात होय!" सगळे हसले. नटाला ते जमेना म्हणून भूपेंद्रनं देवळातल्या म्हाताऱ्या पुजाऱ्याचा, यादोरावचाच हात घेतला होता.

वच्छलाबाई हसली नाही. जन्मभर धानाची रोवणी केलेल्या बाईला दुसरीचा हात पाहूनच कळतं, ही आज शिकली की जुनी आहे. तो हात आज शिकलेला नव्हता.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वी ती पाठीवर वळ घेऊन माहेरी आली होती. आई रडली, बापानं ऐकलं नाही. त्यानं मातामायलाच विचारलं, 'पोरीला परत पाठवू का?' यादोरावच्या ताटात एकटा दाणा उरला. बायकोचं न ऐकणाऱ्यानं देवीचं ऐकलं आणि वच्छला राहिली. अंगणवाडीत लागली, निम्म्या गावाची नाकं पुसली. पण त्याच्या आदल्या वर्षी शेजारच्या रुखमिणीसाठीही हाच प्रश्न ठेवला होता. जोडी उरली. रुखमिणी गेली आणि चार महिन्यांत सासरच्या विहिरीत सापडली.

दाणा माह्यासाठी लपवता आला, तर तिच्यासाठी काहून नाही?

सिनेमा संपताच ती थेट बोडीच्या पाळीवरच्या देवळात गेली. यादोराव ओट्यावर बसून त्या तळ्यातल्या म्हशी पाहत होता.

"सिनेमा पाहाले नाही आले, भाऊ?"

"माहाच हात पाहाले मी कायले येऊ? रोजच दिसते."

ती खाली बसली. "या हातानं पयलेही दाणा लपवला होता ना?"

यादोराव म्हणाला, "हो. एकदा."

वच्छलाबाई त्याच्या पायांशी वाकली, तसे त्यानं पाय ओढून घेतले.

"थांब, पोरी. तुह्यासाठी नाही. रुखमिणीसाठी."

ती वाकलेली तशीच राहिली.

"तिच्या बापानं विचारलं, तवा एकटाच उरत होता. मातामाय नाही म्हणून राहिली होती. मले वाटलं, घर भरलेलं, जवाई कामाचा, पोरगी उगाच माहेरी बसंल. लपवला एक दाणा. झाली जोडी."

"आन् माह्या वेळेस?"

"तिचं तसं झाल्यावर तुह्या वेळेस विस्तवावर धरावा तसा हात धरला. काहीच केलं नाही. उरलं ते उरलं."

"माह्या पाठीवरचे वळ तुमी पाहिले होते."

"पाहिले होते."

"मंग जोडी उरली असती तर?"

"तर पाठवा म्हटलं असतं."

वच्छलाबाई त्याच्याकडे पाहत राहिली. यायला हवा होता तो राग येईना. हा माणूस खोटं वागला तेव्हा एक गेली, खरं वागला तेव्हा दुसरी जाता जाता राहिली. यात मातामाय कुठं होती आणि हा कुठं होता, हे तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"मंग सिनेमातला पुजारी पोरीले वाचवते, ते कसं?"

"भूपेंद्रले मी अर्धंच सांगितलं. पोरगं अर्ध्यातच लय खुश झालं."

दोघंही थोडं हसले.

"घनश्याम होता का तिथं?" यादोरावनं विचारलं. घनश्याम हा रुखमिणीचा धाकटा भाऊ.

"होता. माह्या पुढंच. टाळ्या वाजवत होता."

यादोराव हाताकडं पाहत म्हणाला, "मी ब्याऐंशीचा झालो. साऱ्या गावाले उत्तरं देल्ली. आता तू सांग. त्याले सांगू का?"

"मातामायले नाही विचारलं?"

"हिंमत नाही झाली. मोजाले बसलो, तर हा हात काय करंल, माहाच भरोसा नाही."

वच्छलाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. पदर खोचला.

"उठा. मी येतो संगं."

"थो मारंल मले."

"मारंल, नाही तर चहा देईल. जाऊन तर पाहू."